वेग-वेळ-अंतराची गणितं: सूत्र नंतर, आधी गाडी कुठून सुटली ते बघा

माझी भाची सातवीत आहे. पाढे तीसपर्यंत तोंडपाठ, भागाकार चटाचटा करते, पण वेग-वेळ-अंतराचं शाब्दिक उदाहरण आलं की वाक्यात दिसतील तेवढे आकडे उचलायचे, कशाला तरी कशानं तरी गुणायचं आणि शेवटी 'किमी' लिहून मोकळं व्हायचं. एकदा तिच्या वहीत सायकलवरून शाळेला जाणाऱ्या पोराचा वेग ताशी ७२० किमी आला होता. मी म्हटलं अगं हा पोरगा सायकलवर आहे का विमानात, तर म्हणते, "मामा, मी सूत्रात टाकलं, तेवढंच आलं की." (आमच्या कोल्हापुरात पोरी पण 'मी जातो, मी करतो' म्हणतात, त्यामुळं पुढं ती "मीच सोडवतो की" म्हणाली तर बावचळू नका.)

चूक कुठं झालीती तर अंतर ६ किमी, वेळ ३० मिनिटं, तिनं आधी १२ बरोबर काढलंतं, मग मिनिटं दिसली म्हणून परत ६० नं गुणलं. म्हणजे गणित येत होतं, पण गोष्ट वाचलीच नव्हती. सहावी ते आठवीच्या बऱ्याच पोरांचं हेच होतं आणि स्कॉलरशिपला बसणाऱ्यांचं पण. म्हणून मी तिला ज्या क्रमानं शिकवलं तो क्रम इथं देतोय, पालकांनी वाचावा किंवा पोरांनी थेट वाचावा. अंतरं हिशोबाला सोपी पडावीत म्हणून जरा गोल धरलीत, उगं गुगल मॅप उघडून भांडू नका.

पहिली पायरी: वेग म्हणजे तासाचा भाव

सूत्र पाठ करायच्या आधी 'ताशी' या एका शब्दावर दहा मिनिटं घालवा. ताशी ४० म्हणजे एका तासात ४० किमी. मग दोन तासात? ८०. अर्ध्या तासात? २०. पाव तासात? १०. दीड तासात? ६०. हे सगळं पोरं तोंडी सांगतात, कागद पण लागत नाही, कारण हे दुकानातलं गणित आहे. एक प्लेट ४० रुपये तर दीड प्लेटचे किती, तसंच.

तर एवढंच डोक्यात बसवा की वेग म्हणजे भाव, वेळ म्हणजे किती नग घेतले, आणि अंतर म्हणजे झालेलं बिल. भाव गुणिले नग म्हणजे बिल. बिल आणि भाव माहीत असेल तर नग किती हे भागून काढतो, बिल आणि नग माहीत असेल तर भाव भागून काढतो. तिन्ही सूत्रं यातच आली. पाठ करायला काही राहिलंच नाही.

तो त्रिकोण असतोय बघा, वर अंतर आणि खाली वेग नि वेळ, जे पाहिजे त्यावर बोट ठेवून झाकायचं, तो मला फारसा आवडत नाही. खोटा नाही तो, बरोबरच आहे, पण एका गाडीचं साधं गणित सोडून दोन गाड्या आल्या की पोरगं त्रिकोण काढून नुसतं बघत बसतं, कारण कुठला आकडा कुठल्या गाडीचा हे त्रिकोण सांगत नाही.

दुसरी पायरी: शेवटचं वाक्य आधी वाचा, मग रेघ ओढा

उदाहरण वाचताना प्रश्न आधी वाचायचा. 'किती वेळात पोचेल' आणि 'किती वाजता पोचेल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि सगळं बरोबर सोडवून मार्क इथं जातात. मग वरनं परत वाचत यायचं आणि सुटली, पोचली, थांबली, नंतर, आधी, परत येताना, समोरून, एकाच दिशेनं असले शब्द दिसले की खाली पेन्सिलीनं रेघ मारायची. आकड्यांपेक्षा हे शब्द महत्त्वाचे.

त्यानंतर वहीत एक आडवी रेघ. डाव्या टोकाला कोल्हापूर, उजव्या टोकाला सांगली किंवा जे काय गाव असेल ते. गाडी कुठनं कुठं चालली याचा बाण, वर किती वाजता ते. रेघेखाली प्रत्येक गाडीसाठी एक ओळ आणि त्यात तीन खाने: अंतर, वेग, वेळ. जे दिलंय ते भरा, जे माहीत नाही तिथं प्रश्नचिन्ह. तीनपैकी दोन खाने भरले की तिसरा आपोआप निघतो, आणि एकच भरला असेल तर याचा अर्थ दुसरा कुठंतरी वाक्यात लपलाय, परत वाचा. चित्र काढायला पोरं कंटाळतात, "मामा वेळ जातोय" म्हणतात. एक मिनिट जातोय. चुकीच्या वाटेनं गेलं की पाच जातात.

तिसरी पायरी: घड्याळाचा हिशोब शंभराचा नाही

इथं जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त चुका इथल्या आणि मी पण यातलाच. लहानपणी स्कॉलरशिपच्या सराव पेपरात मी दीड तास म्हणून १.३० लिहून त्यानं भागत बसलो होतो आणि उत्तर काय केल्या पर्यायात सापडेना.

तासात ६० मिनिटं असतात त्यामुळं १ तास ३० मिनिटं म्हणजे १.५ तास, १.३० नाही. एसटी १०.५० ला सीबीएसवरनं (आमचं मध्यवर्ती बसस्थानक) सुटली आणि दुपारी १.२५ ला पोचली, तर पोरं १३.२५ मधून १०.५० वजा करतात, २.७५ येतं आणि खुशाल '२ तास ७५ मिनिटं' लिहितात. वजाबाकी करूच नका. दुकानदार सुटे पैसे परत देतो तसं पुढं मोजत जा: १०.५० ते ११ दहा मिनिटं, ११ ते १ दोन तास, वरची २५ मिनिटं, झाले २ तास ३५ मिनिटं.

मिनिटांचे तास करताना ६० नं भागायचं आणि शक्य तेवढं अपूर्णांकातच ठेवायचं. ६ मिनिटं म्हणजे एक दशांश तास, १२ म्हणजे दोन दशांश, १५ म्हणजे पाव, २० म्हणजे १/३, ४० म्हणजे २/३, ४५ म्हणजे पाऊण. २० मिनिटांना ०.३३ लिहिलं की पुढं सगळं पॉइंटात लांबत जातं आणि उत्तर थोडक्यात हुकतं, १/३ ठेवलं की कटाकट कटतं. आणि मराठीत तर आपल्याकडं हे सगळं बोलण्यातच आहे, पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. पावणेदोन तास म्हटलं की २ मधून पाव गेला, १.७५, संपलं. पण सेमी इंग्लिशच्या पोरांना पावणेदोन म्हणजे १.७५ का २.७५ हेच कळत नाही, तेवढं घरात रोजच्या बोलण्यात वापरत चला. माझी आजी तर घटका म्हणायची, एक घटका म्हणजे २४ मिनिटं म्हणजे बरोबर ०.४ तास.

चौथी पायरी: उत्तर काढायच्या आधी अंदाज बांधा

माणूस चालतो ताशी ४ ते ५ किमी. सायकल आरामात ताशी १२ ते १५. गावागावातनं थांबत जाणारी एसटी सरासरी ४० च्या आसपास, हायवेला कार ८० वगैरे. हे चार आकडे पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि वरची हद्द पाहिजे असेल तर उसेन बोल्टनं २००९ ला बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदात मारलं, तो वेग होतो ताशी साडेसदतीसच्या जरासा वर. म्हणजे तुमच्या वहीतला पोरगा ताशी ४५ नं पळत असेल तर एक तर तो ऑलिम्पिकला गेला पाहिजे नाहीतर तुम्ही गणित परत केलं पाहिजे.

पुढचं बघा. कोल्हापूर ते सांगली ४८ किमी, एसटी ताशी ४० नं गेली तर किती वेळ? आधी अंदाज: ४० ला एक तास, म्हणजे ४८ ला तासापेक्षा थोडं जास्त. आता काढा, ४८ भागिले ४० म्हणजे १.२ तास, ०.२ तास म्हणजे १२ मिनिटं, एक तास बारा मिनिटं. अंदाजात बसलं. 'एक तास वीस मिनिटं' लिहिलं असेल तर परत तिसऱ्या पायरीवर जा.

किमी-तास आणि मीटर-सेकंद

५/१८ नं गुणायचं का १८/५ नं, हे पाठ करणारं पोरगं परीक्षेत पन्नास टक्के वेळा उलटं करतंय. पाठ करू नका, बनवा. ताशी ३६ किमी म्हणजे एका तासात ३६,००० मीटर, तासात ३,६०० सेकंद, भागलं की सेकंदाला १० मीटर. ही एकच जोडी लक्षात ठेवा, ३६ आणि १०. तिच्यावरनं बाकीच्या निघतात, १८ ला ५, ५४ ला १५, ७२ ला २०, ९० ला २५. मीटर-सेकंदाचा आकडा नेहमी लहान येतो, त्यामुळं उत्तर मोठं आलं तर उलटा गुणाकार झालाय.

एककं मिसळायची नाहीत एवढा एकच नियम इथं. वेग किमी-तासात असेल तर वेळ तासातच, अंतर किमीतच. किलोच्या भावाला ग्रॅमनं गुणून कोण बिल देतंय?

सरासरी वेग, इथं भलेभले पडतात

कोल्हापूर ते पन्हाळा २० किमी धरू. एक जण सायकलनं चढून गेला ताशी १० नं, उतरताना आला ताशी ३० नं. सरासरी वेग किती? शंभरातले नव्वद जण डोळे झाकून २० सांगतात, १० अधिक ३० भागिले २. मोठी माणसं पण. माझा मेव्हणा पण, आणि तो दर रविवारी सायकलवरनं पन्हाळ्याला जातोय.

रेघ ओढा, खाने भरा. जाताना अंतर २०, वेग १०, वेळ २ तास. येताना अंतर २०, वेग ३०, वेळ २/३ तास म्हणजे ४० मिनिटं. एकूण अंतर ४०, एकूण वेळ २ तास ४० मिनिटं म्हणजे ८/३ तास. ४० भागिले ८/३ म्हणजे १५. सरासरी ताशी १५ किमी, २० नाही.

का असं? कारण हळू चालवण्यात त्याचे दोन तास गेले आणि जोरात चालवण्यात फक्त चाळीस मिनिटं. जिथं जास्त वेळ गेला तिकडं सरासरी झुकणारच. भावात सांगतो. कपिलतीर्थ मार्केटात २० रुपयांचे कांदे १० रुपये किलोनं घेतले, दोन किलो आले. दुसऱ्या गाड्यावर परत २० रुपयांचेच घेतले पण ३० रुपये किलोनं, पाऊण किलोपेक्षा पण कमी आले. एकूण ४० रुपये दिले, पावणेतीन किलोच्या जरा आत माल आला, सरासरी भाव पडला १५. स्वस्तातला माल जास्त आला म्हणून भाव खाली ओढला गेला. भाचीला सायकलनं नाही कळलं, कांद्यानं कळलं.

सरासरी वेगासाठी नेहमी एकूण अंतर भागिले एकूण वेळ. दोन वेग मिळवून निम्मे करायचे फक्त तेव्हाच जेव्हा दोन्ही वेगांनी सारखाच *वेळ* गाडी चालली असेल, म्हणजे तासभर १० नं आणि तासभर ३० नं, मग २० बरोबर. सारखं *अंतर* असेल तर चालत नाही. अंतर सारखं असलं की एक शॉर्टकट आहे, दोन्ही वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले त्यांची बेरीज, २ × १० × ३० भागिले ४०, आलं १५. पण शॉर्टकट नंतर शिकवा, आधी चार गणितं लांब वाटेनं करून घ्या.

याच गणिताचा एक पुढचा भाग मला फार आवडतो. तोच सायकलवाला ताशी १० नं वर गेला, आता त्याला येण्याजाण्याची सरासरी २० पाहिजे, तर उतरताना किती वेगानं यावं लागेल? पोरं ३० सांगतात (ते चुकलंच आताच), मग ४०, मग ६०. बघा, एकूण ४० किमी ताशी २० नं म्हणजे एकूण वेळ पाहिजे २ तास. आणि दोन तास तर चढतानाच संपले. उतरायला शून्य मिनिटं राहिली. म्हणजे रॉकेट बांधलं तरी जमणार नाही. हे कळल्यावर भाची पाच मिनिटं गप्प बसली, हा एक विक्रमच म्हणायचा.

थांबे पण याच सदरात. कोल्हापूर ते मिरज रेल्वेनं ४८ किमीच्या आसपास. पॅसेंजर चालताना ताशी ६० नं चालते आणि वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर अशी चार ठिकाणी ३-३ मिनिटं थांबते असं समजा. चालण्याचा वेळ ४८ मिनिटं, थांबण्याचा १२, एकूण बरोबर एक तास. सरासरी वेग ताशी ४८. 'थांबे सोडून' आणि 'थांब्यांसह' हे शब्द गणितात मुद्दाम टाकलेले असतात, रेघ मारायच्या यादीत घाला.

समोरासमोर येणाऱ्या गाड्या

कोल्हापूर ते सातारा १२० किमी. सकाळी ८ ला कोल्हापूरहून एसटी निघाली ताशी ५० नं, त्याच वेळी साताऱ्याहून कार निघाली ताशी ७० नं, कधी भेटतील? एका तासात एसटी ५० किमी इकडनं खाते, कार ७० तिकडनं खाते, दोघी मिळून १२०. मधलं अंतर संपलं, म्हणजे ९ ला भेटल्या, कोल्हापूरपासून ५० किमीवर, पेठ नाका आणि कराडच्या मधे कुठंतरी. समोरून येत असतील तर वेगांची बेरीज, एवढंच. एकाच भाकरीला दोघं दोन बाजूनं लागलेत तर संपायचा वेग दोघांचा मिळून.

आता जरा तिढा घालू. एसटी ८ लाच निघाली पण कारवाला चहा पीत बसला आणि ८.३६ ला निघाला. मग? तो निघेपर्यंत एसटी एकटीच चाललीय. ३६ मिनिटं म्हणजे ०.६ तास, ५० गुणिले ०.६ म्हणजे ३० किमी संपले. राहिले ९०. आता दोघी मिळून ताशी १२०, ९० भागिले १२० म्हणजे पाऊण तास, ४५ मिनिटं. आणि इथंच पोरं ८ मध्ये ४५ मिळवून पावणेनऊ लिहितात. ४५ मिनिटं ८.३६ पासून, म्हणून ९.२१. ताळा करायचा असला तर करा, एसटी ८१ मिनिटं चालली म्हणजे ६७.५ किमी, कार ४५ मिनिटं म्हणजे ५२.५, बेरीज १२०. बसलं. दोन गाड्यांच्या गणिताला हा ताळा केल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही असा आमच्यात करार आहे.

पाठलाग, म्हणजे विसरलेला डबा

धाकटा सायकलनं शाळेला निघाला ताशी १२ नं. डबा टेबलावर तसाच. दहा मिनिटांनी आईच्या लक्षात आलं, तिनं स्कूटी काढली, ताशी ३२. किती वेळात गाठेल?

दहा मिनिटात पोरगं २ किमी पुढं गेलं. ही झाली उधारी. आता तासाला आई ३२ जाते पण पोरगं पण १२ पुढं सरकतंय, म्हणजे मधलं अंतर तासाला फक्त २० नं कमी होतं. २ भागिले २० म्हणजे ०.१ तास, ६ मिनिटं. एकाच दिशेनं असतील तर वजाबाकी. आईनं सहा मिनिटात किती कापलं, ३.२ किमी, आणि पोरगं एकूण १६ मिनिटं चाललंय म्हणजे त्याचे पण ३.२ किमी. जुळलं.

पण शाळाच घरापासून ३ किमीवर असेल तर? मग पोरगं १५ मिनिटात गेटच्या आत, आणि आई १६ व्या मिनिटाला गाठणार होती, म्हणजे वाटेत भेटच नाही, डबा वॉचमनकडं. गणितात शेवटी कुठंतरी शाळेचं अंतर दिलं असेल तर ते उगं दिलेलं नसतं. बाकी आमच्या गंगावेशीतल्या गर्दीतनं सकाळी ताशी ३२ नं स्कूटी नेऊन दाखवणाऱ्याला माझ्याकडनं मिसळ.

रेल्वे, खांब, पूल

इथं सूत्र सांगून उपयोग नाही, बाकावर करून दाखवा. पट्टी म्हणजे रेल्वे, पेन्सिल उभी धरा, तो खांब. पट्टीचं पुढचं टोक पेन्सिलीला लागलं तिथनं मोजायला सुरू, मागचं टोक सुटलं की बंद. पट्टी किती सरकली? स्वतःच्या लांबीएवढी. आता पेन्सिलीच्या जागी कंपासपेटी ठेवा, तो पूल. पुढचं टोक पुलाला लागल्यापासून मागचं टोक पूल सोडेपर्यंत पट्टी किती सरकली? पुलाची लांबी अधिक स्वतःची लांबी. पोरांच्या हातानं हे दोनदा केलं की आयुष्यभर विसरत नाहीत.

रेल्वेचा एक डबा साधारण २२ ते २४ मीटर, म्हणजे वीस डब्यांची गाडी ४५० मीटरच्या घरात. ती ताशी ५४ नं म्हणजे सेकंदाला १५ मीटरनं चाललीय. सिग्नलचा खांब ओलांडायला ४५० भागिले १५, ३० सेकंद. रुकडीजवळ पंचगंगेवरचा रेल्वे पूल ३०० मीटर समजा, तर ७५० भागिले १५, ५० सेकंद. खांब आणि उभा माणूस यांची लांबी धरायची नाही, पूल, बोगदा, फलाट यांची धरायची. दोन गाड्या एकमेकींना ओलांडत असतील तर दोघींच्या लांबीची बेरीज, आणि वेग समोरून असेल तर मिळवायचे, एका दिशेनं असतील तर वजा. नवीन काहीच नाही त्यात.

बोटीचं पण तसंच, प्रवाहाबरोबर असेल तर पाण्याचा वेग मिळवा, उलट असेल तर वजा करा. सहावी-सातवीला याच्यावर जास्त वेळ घालवू नका.

उशीर आणि लवकरवालं गणित

हे स्पर्धा परीक्षावाल्यांचं लाडकं. 'ताशी ४ किमी नं चाललो तर शाळेला १० मिनिटं उशीर होतो, ताशी ५ नं चाललो तर ५ मिनिटं लवकर पोचतो, शाळा किती लांब?' यात ना अंतर दिलंय ना वेळ, बघूनच घाम फुटतो.

पहिला सापळा, दोन वेळांतला फरक १० वजा ५ नाही, १० अधिक ५, म्हणजे १५ मिनिटं. घंटेच्या अलीकडं ५ आणि पलीकडं १०, रेघेवर काढलं की दिसतंच. आता क्ष धरायचा तर धरा, क्ष/४ वजा क्ष/५ बरोबर पाव, क्ष आला ५ किमी. पण ज्यांना समीकरणं अजून शिकवली नाहीत त्यांनी असं करा: ४ आणि ५ चा लसावि २०. समजा शाळा २० किमीवर आहे. ताशी ४ नं ५ तास, ताशी ५ नं ४ तास, फरक १ तास. आपल्याला फरक पाहिजे पाव तास, म्हणून अंतर पण पाव, ५ किमी. ताळा: ताशी ४ नं ७५ मिनिटं, ताशी ५ नं ६० मिनिटं, फरक १५. ही लसाविची युक्ती मला कुठल्याही सूत्रापेक्षा भारी वाटते कारण यात पोरगं स्वतः एक अंतर बनवतंय आणि मग ते लहानमोठं करतंय.

सराव कसा करायचा

रोज तीनच, पण तिन्हीला रेघ, खाने, अंदाज आणि ताळा. एका दिवसात तीस सोडवून घेणाऱ्या पालकांना माझा नमस्कार, पोरगं त्यात फक्त आकडे बदलून तेच ढकलत राहतं.

पुस्तकाबाहेर पण करा. हायवेनं कुठं चाललात तर पोराला खिडकीशी बसवा आणि किलोमीटरचे दगड मोजायला लावा. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले बघायचं आणि ३६०० ला त्यानं भागायचं, ४५ सेकंद आले तर ताशी ८०, ६० आले तर ६०, ७२ आले तर ५०. मग पुढं वाकून मीटरवर बघायचं जुळतंय का. गाडी चालवणाऱ्यानं मोजायचं नाही, एवढं मात्र पाळा.

आणि एप्रिल-मे मध्ये वळीव आला की घरात बसून करायचा एक खेळ. वीज दिसली की सेकंद मोजायला सुरू करा, गडगडाट ऐकू आला की थांबा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दर तीन सेकंदाला एक किमी धरा. नऊ सेकंद झाले तर वीज तीन किमीवर पडली. उजेड यायला लागणारा वेळ इतका कमी की तो सोडून दिला तरी चालतंय, का चालतंय हे पोराला विचारा.

सगळ्यात कामाचं म्हणजे पोरांना स्वतः गणित बनवायला लावा. ज्याला बनवता येतं त्याला आकडे कुठनं येतात ते कळलेलं असतं. सुरुवातीला उत्तरं पॉइंटात येतात, चिडतात, मग हळूहळू आकडे जुळवायला शिकतात. भाचीनं मागच्या आठवड्यात बनवलेलं हे: रंकाळा तलावाची एक फेरी ४ किमी समजा, मामा ताशी ४ नं चालतो, मी ताशी ८ नं पळतो, दोघं चौपाटीवरनं एकाच वेळी निघालो, उलट्या दिशेनं गेलो तर पहिल्यांदा कधी भेटू, आणि एकाच दिशेनं गेलो तर मी मामाला एक फेरी मागं टाकून कधी गाठीन? पहिल्याचं २० मिनिटं, दुसऱ्याचं एक तास, दोन्ही तिनं आधी काढून ठेवलंतं. मी म्हटलं वा, पण चौपाटीवर भेळ खायला थांबलो तो वेळ धरायचा का नाही हे गणितात लिहिलंच नाहीस की.

"ते तू ठरव मामा, पैसे तूच देणार हाईस."